‘रिझल्ट्स नंतर सांगू’ असं लिहून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवू का?

मॅडम, सादर नमस्कार.

मी विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची जेआर-२, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, आहे. माझा थीसिस सर्पदंशावर आहे. दंश झाल्यापासून एएसव्हीचा (सर्पविषावरच्या प्रतिविषाचा) पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ गेला आणि त्याचा किडनीशी काय संबंध दिसतो, हे बघायचंय. १२० रुग्ण घ्यायचे आहेत, ८४ झालेत. राज्य परिषदेसाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे अभ्यासाचा सारांश, पाठवायची मुदत १२ दिवसांवर आलीय, मर्यादा २५० शब्दांची. गाइड म्हणतात, “टाकून दे. रिझल्ट्सच्या जागी ‘परिषदेत मांडले जातील’ असं लिही, सगळे तेच करतात.” मागच्या वर्षी दुसऱ्या विषयावर मी तसंच केलं आणि ते नाकारलं गेलं. कारण कळलं नाही. माझा को-पीजी (बरोबरीचा पदव्युत्तर विद्यार्थी) म्हणतो, १२० पूर्ण होऊ देत, पुढच्या वर्षी बघ. पण पुढचं वर्ष परीक्षेचं.

शिवाय, सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या मंजूर आराखड्यात) ‘उशीर’ म्हणजे सहा तासांहून जास्त असं लिहिलंय, पण चार तासांवर पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; लहान तितकी बरी) जास्त छान येते. सहा केस पेपरांवर दंशाची वेळ नुसती ‘रात्री’ आहे. ज्यांनी माझी एक्सेल शीट उघडलीही नाही अशी दोन नावं लेखकांत घालायला सांगितलंय. मधेच बँकॉकच्या एका परिषदेची मेल आली, ते ४८ तासांत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारतात म्हणे. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, माझं इंग्रजी बेताचंच. मसुदा सोबत जोडलाय. काय करू?

– सापांच्या सीझनमधली जेआर

*

पाठव. याच वर्षी पाठव. मात्र गाइड म्हणतात तसं नको, आणि को-पीजीचं ऐकून थांबूही नकोस.

आधी त्या ‘परिषदेत मांडले जातील’बद्दल. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तपासणाऱ्याच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलेय, म्हणून तिकडचं दृश्य सांगते. ओपीडी आटोपून, घरी जेवण उरकून रात्री दहाला लॅपटॉप उघडायचा. समोर साठेक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, शेजारी गुणांचा तक्ता: प्रश्न नवा आहे का, पद्धत पटते का, रिझल्ट काय, निष्कर्ष त्यातूनच निघतो का. एकेकाला तीन-चार मिनिटं मिळतात, जास्त नाही. रिझल्टच्या रकान्यात आकडाच नसेल तर तिथे गुण कशाला द्यायचे? शून्य पडतो, आणि निष्कर्षालाही शून्य पडतो, कारण तो हवेतून आलेला असतो. मागच्या वर्षी तुझं बहुधा हेच झालं असणार. ‘सगळे तेच करतात’ हे खरं आहे. त्या सगळ्यांतले कितीजण नाकारले जातात हे मात्र कुणी सांगत नाही.

माझं स्वतःचं ऐक. पीजी असताना मीही असंच लिहून पाठवलं होतं. तेव्हा छाननी ढिली होती, स्वीकारलं गेलं. साठ रुग्णांचा अभ्यास म्हणून कबूल केलेलं. परिषद तीन आठवड्यांवर आली तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये गेले तर निम्म्याहून अधिक केस पेपरांना वाळवी लागलेली. एकोणीस रुग्ण घेऊन मी व्यासपीठावर उभी राहिले. अध्यक्षांनी विचारलं, “बाकीचे कुठे गेले?” आणि मी प्रामाणिकपणे म्हणाले, “वाळवी, सर.” हॉल हसला. नंतर वर्षभर डिपार्टमेंटमध्ये मला त्याच नावाने हाक मारायचे.

तेव्हापासून एकच पाळते: हातात आहे तेवढंच लिहायचं. तुझ्या हातात ८४ रुग्ण आहेत आणि ते थोडे नाहीत. अडचण अशी की मसुद्यात तू अख्खा थीसिस कोंबायला निघालीस. शीर्षकच बघ. इंग्रजीत आहे, त्याचा मराठी अर्थ असा होतो: ‘ग्रामीण भागातील तृतीय स्तरीय रुग्णालयात दाखल झालेल्या सर्पदंशाच्या रुग्णांचे क्लिनिकल प्रोफाइल, गुंतागुंती आणि परिणाम यांचा अभ्यास’. या शीर्षकाची भावंडं त्याच गठ्ठ्यात आणखी दहा तरी असतील. एकात सर्पदंशाऐवजी कीटकनाशक विषबाधा, दुसऱ्यात डेंग्यू, एवढाच फरक. तुझा खरा प्रश्न पत्रातच आलाय, तोही पाचव्या ओळीच्या आत. तोच वर घे: ‘सर्पदंशात रक्त न गोठणाऱ्या रुग्णांमध्ये एएसव्हीला झालेला उशीर आणि किडनीची तीव्र इजा’. पुरुष किती, बायका किती, पायाला दंश किती, हाताला किती, पावसाळ्यात किती, हे थीसिसच्या तक्त्यांत राहू दे.

मसुद्यातले जवळजवळ नव्वद शब्द प्रस्तावनेत गेलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, भारतात वर्षाला सुमारे ५८,००० मृत्यू होतात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप. सगळं बरोबर आहे. पण तपासणारा माणूस मेडिसिनचा प्राध्यापक आहे. आयुष्यभर त्याने एएसव्हीच्या कुप्या फोडल्यात. ५८,००० चा आकडा ठेव, बाकी काढ, आणि पुढच्या वाक्यात काय माहीत नाही ते लिही: आपल्याकडे जिल्ह्यातून रेफर होऊन येणाऱ्या रुग्णांत नेमका किती उशीर होतो आणि तो किडनीच्या इजेशी किती जोडलेला दिसतो. दोन वाक्यांत प्रस्तावना संपली. वाचलेले साठ शब्द पद्धतीला दे. तिथे तू फारच कंजूषपणा केलायस.

पद्धतीत तू लिहिलंस, ‘रक्तावर परिणाम झालेले रुग्ण घेतले’. कशावरून परिणाम झाला ठरवलं? तुमच्या वॉर्डात २० मिनिटांची चाचणी होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग ट्यूब एकदाच तिरकी करून रक्त गोठलं का ते बघायचं. तेच लिही. एक खासगी प्रश्नही विचारते, अ‍ॅब्स्ट्रॅक्टसाठी नव्हे, तुझ्यासाठी. तुमच्याकडच्या ट्यूब डिटर्जंटने धुतात का? डिटर्जंट राहिलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही, आणि मग साधा रुग्ण तुझ्या यादीत घुसतो. मंचावर कुणी जुना माणूस नेमका हाच प्रश्न विचारेल. वॉर्डच्या सिस्टरना आजच विचारून ठेव.

किडनीच्या इजेचंही तसंच. ‘क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साचणारा घटक) वाढलं’ एवढ्याने भागत नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी-संस्थेची व्याख्या वापरली असशील तर नाव घे: ४८ तासांत किमान ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या किमान दीडपट. घरून किंवा शेतातून उचलून आणलेल्या माणसाचं ‘मूळचं’ क्रिएटिनिन कुणाकडे असतं? कुणाकडेच नसतं. दाखल होतानाचं धरलंस की मुक्कामातलं सगळ्यांत कमी धरलंस, तेवढं पाच-सहा शब्दांत सांग. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख बहुतेक फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात मागतात. ते पत्र आत्ताच शोधून ठेव. शेवटच्या रात्री ते हमखास गाइडच्या कपाटात कुलूपबंद सापडतं.

आता रिझल्ट. ही तुझ्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टची सगळ्यांत महत्त्वाची जागा, आणि तू तिथे लिहिलंस: ‘उशिरा आलेल्या रुग्णांत किडनीची इजा लक्षणीयरीत्या जास्त आढळली, पी < ०.०५’. वाचणाऱ्याला कळलं काय? किती रुग्णांत, कितीपैकी किती, केवढा फरक, काहीच नाही. पुढचे आकडे मी नमुन्यासाठी कल्पून घेतलेत, तुझे खरे तू भर:

‘८४ रुग्णांपैकी ५८ जणांचे रक्त गोठत नव्हते. दंशाची वेळ नोंदलेली नसल्याने ६ जण वगळले. उरलेल्या ५२ पैकी ३० जणांना सहा तासांच्या आत एएसव्ही मिळाले, त्यांतल्या ५ जणांना (१७ टक्के) किडनीची तीव्र इजा झाली. सहा तासांनंतर मिळालेल्या २२ पैकी ११ जणांना (५० टक्के) झाली. सापेक्ष जोखीम ३.०, ९५ टक्के विश्वासांतर १.२ ते ७.४.’

पन्नासेक शब्दांत सगळं आलं. कितीपैकी किती हे आधी, टक्के नंतर कंसात. २२ रुग्णांत ‘५०.०० टक्के’ असे दशांश लिहू नकोस, एक रुग्ण इकडचा तिकडे झाला तरी साडेचार टक्के हलतात. आणि ते विश्वासांतर मुद्दाम लिहायला सांगतेय. जोखीम तिप्पट दिसते, पण खरी सव्वापट असू शकते किंवा सातपटही, हे वाचणाऱ्याला एका नजरेत दिसतं. नुसत्या पी व्हॅल्यूमागे ते लपून राहतं. तुमच्या कम्युनिटी मेडिसिनमध्ये हे काढून देणारा कुणीतरी असतोच, चहा पाज.

चार तास की सहा तास? सहा. यात मी तुझ्याशी वाद घालणार नाही. सिनॉप्सिसमध्ये सहा लिहून विद्यापीठाला दिलंस, एथिक्स कमिटीने तेच मंजूर केलं. दोन, चार, सहा, आठ अशी कात्री फिरवत बसलं की कुठेतरी पी व्हॅल्यू छान येतेच. तो सापाचा गुण नव्हे, कात्रीचा. चार तासांचं विश्लेषण तुला खरंच महत्त्वाचं वाटत असेल तर थीसिसमध्ये ‘नंतर केलेलं विश्लेषण’ असं स्पष्ट म्हणून घाल. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये त्याला जागा नाही.

‘रात्री’ लिहिलेल्या सहा केस पेपरांचा मोह मला समजतो. रात्री म्हणजे साधारण अकरा धरू, म्हणजे सहाही रुग्ण आत येतील. नको. उघडपणे वगळ, वर नमुन्यात दाखवलंय तसं. मात्र वगळण्याआधी एक कर. ते सहा रुग्ण वाचले का, त्यांना डायलिसिस लागलं का, ते तुझ्या वहीत लिहून ठेव. शुद्ध हरपलेल्या माणसाची वेळ कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे वेळ नसलेले रुग्ण कदाचित जास्त गंभीर असतील. मग तुझ्या हिशेबात उरलेले रुग्ण थोडे बरे ठरतात. मंचावर कुणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असेल. आणि आजपासून कॅज्युअल्टीत बसणाऱ्या इंटर्नला सांग, नातेवाइकांना ‘किती वाजता?’ विचारायचं नाही. ‘जेवणं झाली होती का? टीव्हीवर काय चाललं होतं? लाइट गेली होती का?’ असं विचारायचं. वेळ बरोबर निघते.

निष्कर्षाला दोन वाक्यं पुरेत. तू लिहिलंस, ‘उशिरामुळे किडनी खराब होते, म्हणून शासनाने जनजागृती करावी आणि मोठ्या अभ्यासांची गरज आहे’. ही तीनही विधानं काढ. उशिरा येणारे लोक लांबून येतात, आधी मांत्रिकाकडे जाऊन येतात, दुसऱ्या दवाखान्यातून रेफर होतात, म्हणजे बहुधा आधीच जास्त बिघडलेले असतात. उशीर आणि इजा सोबत दिसले एवढंच तुझा अभ्यास सांगतो. ‘संबंध आढळला’ असं लिही, ‘मुळे’ हा शब्द टाळ. जनजागृतीचं वाक्य तर मी कित्येक अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या तळाशी वाचलंय, मधुमेहापासून मुतखड्यापर्यंत.

को-पीजीचं ‘१२० होऊ दे’. तुझा अभ्यास निरीक्षणाचा आहे, कुणाला कुठलं औषध द्यायचं हे तू चिठ्ठी टाकून ठरवत नाहीयेस. असल्या अभ्यासाचे आतापर्यंतचे आकडे मांडायला हरकत नाही, मात्र ‘चालू अभ्यासातील पहिले ८४ रुग्ण’ असं पद्धतीत स्पष्ट लिहायचं. औषधाची चाचणी असती तर मीच अडवलं असतं, मधेच डोकावलं की चाचणी बिघडते. आणि संख्या लहान म्हणून खचू नकोस. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची लाल विंचवाच्या दंशावरची चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली, तीत एकूण ७० रुग्ण होते. प्राझोसिन या औषधासोबत विंचूविषावरचं प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. फरक एवढा मोठा असला की ७० पुरतात. प्रश्न एकच होता आणि वेळ घड्याळ लावून मोजलेली होती. तुझ्या अभ्यासातही घड्याळच आहे.

लेखकांची नावं. इथे नियम एक आणि डिपार्टमेंट दुसरं, हे मला ठाऊक आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक ठरवायला चार अटी घातल्यात: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात भर घालून सुधारणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या शंका निघाली तर उत्तर देण्याची तयारी. चारही हव्यात, एकदोन चालत नाहीत. शीट न उघडलेले दोघं यात बसत नाहीत. पण तू जेआर-२ आहेस आणि परीक्षा त्यांच्याच हातात आहे. भांडू नकोस. पहिलं नाव तुझंच, कारण काम तुझं आणि मांडणार तू. मसुदा सगळ्यांना एकत्र मेल कर आणि लिही: ‘सर, फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाने अंतिम मसुदा वाचून मान्यता दिल्याचं घोषित करायचंय, कृपया रिझल्ट्स तपासून सुधारणा कळवाव्यात.’ एकजण खरंच वाचेल आणि चूक दाखवेल. एवढ्याने चारही अटी पुऱ्या होत नाहीत, पण त्याचा काहीतरी वाटा तरी असतो. दुसरा बहुधा म्हणेल, ‘अगं, माझं राहू दे.’ नाहीच म्हणाला, तर नाव जाईल. त्यासाठी रात्र जागवू नकोस. रात्रपाळीत वेळा लिहून ठेवणाऱ्या सिस्टरचे आभार मात्र पोस्टरवर विसरू नकोस. नावासहित, विचारून.

बँकॉकची मेल डिलीट कर. ४८ तासांत स्वीकारणारे लोक वाचत नाहीत, फी मोजतात. अशा धंद्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन-समूहाविरुद्ध खटला भरला होता. २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांना पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. फसव्या परिषदांच्या जाहिरातींचा मुद्दाही त्यात होता. तुझ्या स्टायपेंडचे पैसे राज्य परिषदेच्या नोंदणीला लाव. मांडणाऱ्याला नोंदणी करावीच लागते, आणि लवकर केली तर फी कमी पडते. ‘ओरल की पोस्टर’ या रकान्यात ‘दोन्ही चालेल’वर खूण कर.

तुझ्या इंग्रजीला काहीही झालेलं नाही. मसुद्यातली सगळ्यांत वाईट वाक्यं म्हणजे तू जुन्या थीसिसमधून उचललेली लांबलचक वाक्यं. तुझी स्वतःची तीन वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत. आधी मराठीत लिही, आईला सांगतेस तसं: किती लोक आले, किती उशिरा आले, काय झालं. मग वाक्यागणिक इंग्रजी कर. एका वाक्यात एकच क्रियापद. एआयच्या मदतीने व्याकरण सुधारायला माझी ना नाही, पण परिषदेच्या सूचनांत ते उघड करायला सांगितलंय का बघ, आणि परत आलेल्या मजकुरातला प्रत्येक आकडा आपल्या शीटशी जुळवून घे. यंत्र ‘संबंध आढळला’चं ‘सिद्ध झाले’ करून ठेवतं, आणि तेही फार छान इंग्रजीत.

मजकुरात कॉलेजचं किंवा गावाचं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. नाव न बघता तपासायचं असतं आणि नाव दिसलं की काही ठिकाणी थेट बाद करतात. मसुद्यात शेवटून दुसऱ्या ओळीत तुमच्या जिल्ह्याचं नाव आहे, ते आधी काढ. शब्द पोर्टलमध्येच मोज, वर्डचा आकडा आणि पोर्टलचा आकडा जुळत नाहीत. मुदत वाढते, दरवर्षी वाढते, हे खरं. तरी दोन दिवस आधी पाठव. तुमच्या हॉस्टेलचं वायफाय रात्री अकराला कसं चालतं हे तूच पत्राच्या, इथे न छापलेल्या, टीपेत लिहिलंयस.

परिषदेत मांडलं की जर्नल घेत नाही, अशी शंका तुला कुणी घातली असेल तर सोडून दे. परिषदेतला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कुणी दुहेरी प्रकाशन मानत नाही, पाठवताना संपादकांना कळवायचं फक्त. खरी भीती उलटीकडून आहे. वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या एका आढाव्यात तीन लाखांहून अधिक परिषद-अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तपासले, त्यांतले ३७ टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून छापून आले. बाकीचे स्मरणिकेतच राहिले. तुझे १२० पूर्ण झाले की मला लिही.

आज रविवार. सोमवारी सरांची ओपीडी असते आणि पाचनंतर ते फोन घेतात, असं तू त्याच टीपेत लिहिलंयस. ‘सर, रिझल्ट्ससकट मसुदा तयार आहे, बघता का?’ एवढंच म्हण. ‘परिषदेत मांडले जातील’ हा विषयच काढू नकोस. आकडे भरलेला मसुदा समोर आला की ते वाक्य कुठे घालायचं हे त्यांनाही सुचणार नाही.